डाव्या खांद्यावरचे जोडफूल

दिगंबर यज्ञेश्वर आगटे यांची व माझी ओळख सन १९७६ मध्ये पेशवे पार्कातील बिबट्यांच्या पिंजऱ्यापुढे झाली. ती त्यांच्या मुलीने करून दिली. मुलीचे नाव हेमा, वय नऊ वर्षे. मी त्या वेळी तीस वर्षांचा होतो आणि पिंजऱ्यांवर सेवक म्हणून कामास होतो. झाडलोट करणे, हौद भरणे, मांस घालणे ही माझी कामे. मला लिहिता-वाचता येत नव्हते. पगारपत्रकावर मी अंगठा उठवीत असे. हे प्रथमच नमूद करतो, कारण पुढील हकिकतीशी त्याचा संबंध आहे.

त्या रविवारी हेमा गजांपासून हलेना. तिने मला विचारले, "काका, यातला नर कुठला?"

"त्यो पल्याडचा. झोपलाय त्यो," मी म्हणालो.

"झोपलाय म्हणून नर?"

मागे उभे असलेले आगटेसाहेब म्हणाले, "तुझ्या आईला विचार. ती हो म्हणेल."

मग मी तिला आमची खूण दाखविली. बिबट्याच्या अंगावर सुटे ठिपके नसतात. चार-पाच ठिपक्यांचे एक कडे असते. आम्ही पिंजऱ्यावरची माणसे त्याला फूल म्हणत असू. एका जनावराची फुले दुसऱ्याशी जुळत नाहीत आणि त्याच जनावराची डावी बाजूही उजवीशी जुळत नाही. आमच्या मादीचे नाव चंद्री होते. तिच्या डाव्या खांद्यावर दोन फुले एकमेकांत अडकलेली होती. तेवढे जोडफूल पाहिले की चंद्री अंधुक उजेडातही ओळखू येई. उजव्या खांद्यावर तसे काही नव्हते.

हेमाने दोन रविवारांत ते पक्के केले. वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे फोटो धुता, पण तुम्हाला चंद्री ओळखता येत नाही."

"अगं, मी लग्नाचे फोटो धुतो. तिथं नवरा-नवरीसुद्धा मला ओळखू येत नाहीत."

आगटेसाहेब लक्ष्मी रस्त्यावरील एका स्टुडिओत अंधारखोलीचे काम करीत. चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांनी काढलेले फोटो धुतले व छापले. त्यांची पत्नी पद्मजाबाई शाळेत भूगोल शिकवीत. बाईंच्या नकाशांच्या गुंडाळ्यांत एक प्राण्यांचा तक्ता होता. त्यात दक्षिण अमेरिकेतील जग्वारचे चित्र होते. ते पाहून हेमा मला विचारू लागली की, जग्वारच्या फुलांच्या आत आणखी ठिपके असतात, हे खरे का? मी पाहिले नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर तिने वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "मोठी हो, मग जाऊन बघू."

सन १९७८ च्या पावसाळ्यात हेमा काविळीने गेली. तिला अकरावे वर्ष होते.

त्यानंतर सहा महिने कोणी आले नाही. मग एका रविवारी आगटेसाहेब एकटे आले. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. ते म्हणाले, "दत्तोबा, चंद्री कुठली ते मला पुन्हा दाखवा. मी तेव्हा नीट लक्ष दिलं नव्हतं." मी दाखविले. त्या दिवसापासून ते दर रविवारी येऊ लागले. ते जनावरांचे फोटो काढीत आणि मी त्यांना कान, शेपूट, फुले यांवरून ओळख पटवून देई. असे आमचे वीस वर्षांहून अधिक चालले. पुढे प्राणी कात्रजला हलविण्यात आले. माझे गाव आंबेगाव असल्याने माझे अंतर कमी झाले, त्यांचे वाढले. तरी ते स्वारगेटहून बस धरून येतच राहिले.

सन २००८ मध्ये डॉक्टरांनी त्यांना सांगितले की, डोळ्यांचा पडदा क्षीण होत चालला आहे, दोन-तीन वर्षांत बारीक काही दिसणार नाही. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर होते. त्याच वर्षी ते पुण्यातील पाच हौशी मंडळींबरोबर ब्राझील देशात गेले. तेथे पंतनाल नावाचा मोठा पाणथळ मुलूख आहे. त्या नद्यांतून नावेने फिरून जग्वार पाहता येतो. बरोबरच्या सर्वांकडे नवे कॅमेरे होते. साहेबांनी मात्र जुना फिल्मचा कॅमेरा व स्लाइडची फिल्म नेली.

परत आल्यावर त्यांनी मला सर्व सविस्तर सांगितले. "दत्तोबा, पहिल्या दिवशी नदी पाहिली आणि वाटलं, संगमावरच आणून सोडलंय. सगळीकडे जलपर्णी! मग कळलं, ती मूळची तिकडचीच. आपल्याकडे पाहुणी आलेली."

"मग न्या म्हनावं परत," मी म्हणालो.

"तेही सांगितलं असतं, पण भाषेची अडचण."

नावाडी इंजिन बंद करून नाव जलपर्णीला टेकवून ठेवी आणि सर्वजण तासन् तास वाट पाहत. काठावर डुकराएवढे मोठे, उंदराच्या जातीचे प्राणी चरत बसलेले असत. वाळूवर मगरीसारखी जनावरे तोंडे उघडून पडलेली असत. एकदा माणसाएवढी लांब पाणमांजरे नावेभोवती येऊन मासे कडकडा खात बसली. बरोबरची मंडळी कॅमेरे फटाक्यांच्या माळेसारखे वाजवीत. साहेब एका रिळातल्या छत्तीस फोटोंच्या हिशेबाचे. ते बोट कळीवर ठेवून थांबत.

शेवटच्या दिवशी मंडळी दुसऱ्या नावेतून पाणमांजरे पाहण्यास गेली. साहेब एकटेच एका बदली नावाड्याबरोबर उलट दिशेला गेले. दुपारी गवत हलले आणि जग्वार बाहेर आला. मादी होती. ती पाणी प्याली, नावेकडे पाहून काठाने चालत गेली आणि मग पाण्यात उतरून पोहू लागली. फक्त डोके वर होते. साहेबांनी काठावरचे सहा व पाण्यातले दोन असे आठ फोटो काढले. "आणि दत्तोबा, फुलांच्या आत ठिपके असतात. मी मोजले," असे ते म्हणाले.

ते उतरले होते त्या नदीकाठच्या बंगल्यात एक वही ठेवलेली होती. त्या भागात दिसलेल्या प्रत्येक जग्वारचे दोन्ही बाजूंचे फोटो त्या वहीत असत. ज्याने नवा जग्वार प्रथम टिपला, त्याने त्याचे नाव ठेवावे, असा तेथील रिवाज होता. पुण्यास परतल्यावर साहेबांनी फिल्मचा एकेक तुकडा चौकटीत बसवून स्लाइडी तयार केल्या, त्यांतील काठावरच्या एका स्लाइडचा कागदी फोटो करवून तिकडे पाठविला. वहीतील कोणाशीही तो जुळला नाही. जग्वार नवा ठरला आणि त्याचे नाव हेमा असे नोंदले गेले.

पद्मजाबाईंनी ही बातमी सर्वांना सांगितली. त्या निवृत्तीनंतर नारायण पेठेतील आपल्या घरी मंगळवारी व शुक्रवारी दुपारी प्रौढांचा वर्ग घेत. सन २००९ पासून मी त्या वर्गात जाऊ लागलो. मला त्रेसष्टावे वर्ष होते. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "दत्तोबा, बिबट्याच्या अंगावरचं तुम्ही तीस वर्षं वाचलंत. हे त्याहून सोपं आहे. हे हलत नाही." भिंतीवर दोन फोटो होते. एक पोहणाऱ्या जग्वारचा. दुसरा सन १९७७ मधला, चंद्रीच्या पिंजऱ्यापुढे उभ्या असलेल्या हेमाचा. हेमाच्या एका गालावर तीळ होता, तो त्यात स्पष्ट दिसे.

सन २०११ च्या फेब्रुवारीत ब्राझीलहून एक छापील पुस्तक आले. वहीतील सर्व जग्वारांचे फोटो त्यात पानोपानी होते. बाईंनी ते वर्गात फिरविले. इंग्रजीतील हेमा ही चार अक्षरे त्यांनी मला बोटाने दाखविली. वर्ग सुटल्यावर बाई चहा करण्यास आत गेल्या, साहेब खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि मी पुस्तक चाळीत होतो.

हेमाच्या पानावरील जग्वारचा उजवा कान फाटलेला होता. मी भिंतीवरील पोहणाऱ्या जग्वारकडे पाहिले. त्याचा डावा कान फाटलेला होता. जनावर तर एकच होते. अशी गोष्ट पिंजऱ्यावरच्या माणसाला सहन होत नाही. मी पाने मागे-पुढे केली. एका पानावर तेरेझा नावाची मादी होती. नाव मला वाचता आले नाही, ते पुढे समजले. तिचा डावा कान फाटलेला होता. तिच्या डाव्या कुशीवर एक कडे तुटलेल्या बांगडीसारखे उघडे होते आणि त्याच्या आत चार ठिपके होते. हेमाच्या पानावरही तसेच कडे होते. मात्र ते उजव्या कुशीवर होते व तोंड दुसरीकडे होते.

तेथे कपाटाला आरसा होता. मी हेमाचे पान आरशापुढे धरले. आरशात तेरेझा उभी होती.

मी पुस्तक मिटून ठेवले. बाईंनी चहा आणला. मी तो प्यालो आणि घरी आलो.

काय झाले असावे, हे मला बसमध्येच उमगले. फिल्मच्या एका बाजूला रसायनाचा थर असतो. फिल्म उलटी बसली तर चित्रातील डावे उजवे होते. अंधारखोलीत बाजू दिसत नाही, म्हणून जुनी माणसे फिल्मची कड ओल्या ओठाला लावून पाहत. थराची बाजू किंचित चिकटते. साहेबांनी ही खूण मला पूर्वी सांगितली होती. स्लाइडी ते दुसऱ्या कोणाला बसवू देत नसत. चौतीस वर्षांत एकही उलटी बसविली नाही, असा त्यांचा शब्द होता. परंतु ब्राझीलहून ते ताप घेऊन आले होते. ओठ फुटले होते. डोळ्यांना थराची मंद बाजू व चकचकीत बाजू यांतला फरक दिसत नव्हता. त्यांनी सवयीने ओठावर विश्वास ठेवला आणि काठावरच्या सहा फोटोंची पट्टी उलटी बसली. पाण्यातले दोन पुढच्या पट्टीत होते, ते सुलटे बसले.

मला हे सांगता येईना. ज्या घराने मला अक्षर दिले, त्या घरातील मुलीचे नाव मी माझ्या तोंडाने पुसावे, हे मला जमेना. मी वर्गाला जाणे बंद केले. तीन आठवडे गेलो नाही. बाईंनी निरोप पाठविला, तेव्हा गुडघे दुखतात, असे खोटे कळविले.

चौथ्या आठवड्यात भर उन्हात आगटेसाहेब माझ्या दारात उभे राहिले. बसमधून उतरून विचारीत विचारीत आले होते. वय शहात्तर. समोरचा माणूस त्यांना आकारावरून ओळखू येई, चेहऱ्यावरून नाही.

"गुडघे कसे आहेत?" त्यांनी विचारले.

"बरं हाय."

"असणारच. गोठ्यापासून दारापर्यंत चांगले टणाटणा आलात. मला दिसत नाही, ऐकू येतं." मग बसून ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही आरशापाशी गेलात. पान उलटल्याचा आवाज आला, मग कपाटाशी पावलं. चहा पिऊन तुम्ही वहीसुद्धा न घेता गेलात. दत्तोबा, आरशात माणूस फोटो कशाला बघतो, हे मला कळतं. मी तीन आठवडे कळून घेत नव्हतो. आता सांगा."

मी सर्व सांगितले. फाटलेला कान सांगितला, तुटलेली बांगडी सांगितली, आतले चार ठिपके सांगितले. ते ऐकत राहिले. मग त्यांनी आपल्या खालच्या ओठावरून बोट फिरविले.

"ती दुसरी कोण?"

"मला वाचता न्हाई आलं, साहेब. पर तुमच्या आदीपास्नं हाय ती त्या वहीत. तिच्या पानावर वरचा आकडा तुमच्या पानापेक्षा ल्हान हाय."

"म्हणजे कुणीतरी तिचं नाव आधीच ठेवलेलं आहे."

"व्हय."

माझ्या पत्नीने, सोजरबाईने, ताक आणले. साहेबांनी ते पूर्ण संपविले. जाताना म्हणाले, "पद्मजेला मी सांगणार. तुम्ही मात्र शेजारी बसायचं. मला दाखवता येणार नाही, तुम्हाला येईल."

दुसऱ्या दिवशी मी नारायण पेठेत गेलो. साहेबांनी बाईंना दोन वाक्यांत सांगितले. बाई उठल्या. पुस्तक घेऊन आरशापाशी गेल्या आणि दोन्ही पाने पाहून परत येऊन बसल्या. तेरेझाच्या पानाखालील मजकूर त्यांनी इंग्रजीतून वाचून आम्हाला मराठीत सांगितला. तो जग्वार सन २००५ मध्ये तेथील एका नावाड्याने प्रथम पाहिला होता आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले होते.

"किती दिवस झाले आपण नाव ठेवून?" बाईंनी विचारले.

"अडीच वर्षं," साहेब म्हणाले.

"म्हणजे अडीच वर्षं त्या माणसाच्या आईला आपण आपल्या मुलीच्या नावानं हाक मारतोय."

मी म्हणालो, "बाई, तिकडं कुनाला कळलं न्हाई. आपन गप ऱ्हायलो तर कुनाचं काय बिघडतंय?"

बाईंनी माझ्याकडे वर्गात पाहत तसे पाहिले. "दत्तोबा, बत्तीस वर्षं मी शाळेचा पट लिहिला. नसलेलं मूल हजर कधी मांडलं नाही." एवढे बोलून त्या आत गेल्या. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत होता. साहेब खुर्चीचा हात धरून बसले होते.

बाई बाहेर आल्या त्या कागद घेऊनच. पत्र त्यांनी इंग्रजीत लिहिले. प्रत्येक वाक्य त्या आम्हाला मराठीत सांगत आणि साहेब मान हलवीत. चूक कशी झाली, कोणाकडून झाली, हे साहेबांनी स्वतः स्पष्ट लिहावयास लावले. "ताप होता, असं लिहू का?" बाईंनी विचारले.

"नको. ताप त्यांना काय करायचाय? पट्टी मी उलटी बसवली, एवढंच लिही."

खाली साहेबांनी सही केली. मग बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला. "ओळख पटवणारा तुम्ही आहात. इथे सही करा."

मी म्हणालो, "माझी कशाला, बाई?"

"तुम्हाला शिकवलं कशाला मग?"

मी दत्तोबा सोनबा बेलदरे असे पूर्ण नाव लिहिले. वर्गाच्या वहीबाहेर मी लिहिलेले ते पहिले नाव. ते लिहिल्याने एक नाव खोडले जाणार आहे, हे मला लिहिताना ठाऊक होते. 'बेलदरे' ओळीच्या खाली गेले.

अडीच महिन्यांनी उत्तर आले. त्यांनी फोटो सुलटा करून तेरेझाच्या पानावर लावला होता. नावाड्याने आभार कळविले होते. आणखी असे लिहिले होते की, तेरेझाला एक पिल्लू झाले आहे, आगटे यांची इच्छा असल्यास त्याचे नाव हेमा ठेवता येईल. बाईंनी ते वाचून साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "मी ते पाहिलेलं नाही. न पाहिलेल्याला नाव कसं ठेवणार?" बाई म्हणाल्या, "नाहीच ठेवायचं." तो विषय तेथे संपला. हेमा हे नाव आता त्या वहीत नाही.

मी पुन्हा वर्गाला जाऊ लागलो. भिंतीवरील पोहणारा जग्वार तसाच राहिला, कारण तो सुलटा होता. साहेबांची दृष्टी पुढे अगदीच गेली. सन २०१६ च्या थंडीत ते वारले. वैकुंठ स्मशानभूमीत मी होतो. बाईंनी मला त्यांचा जुना कॅमेरा देऊ केला. मी तो घेतला नाही, मला वापरता येत नाही. बाईंच्या सांगण्यावरून ही हकिकत मात्र लिहून काढली आहे. त्यातील अक्षर माझे आहे.

एक गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती. ती त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने येथे लिहितो. ब्राझीलचे उत्तर आले त्या दिवशी बाई पत्राची पोच टाकण्यास टपाल कचेरीत गेल्या होत्या. घरात साहेब व मी दोघेच होतो. साहेब मला हाताला धरून हेमाच्या फोटोपाशी घेऊन गेले. तो फोटोही त्यांनीच अंधारखोलीत छापला होता. तिचे मोजकेच फोटो होते आणि तीळ दिसेल असा तेवढाच एक. चौतीस वर्षे ते त्या फोटोवरूनच मुलीचा चेहरा आठवीत आले होते. त्यांनी मला एक विनंती केली. मी चष्मा पुसून फोटो पाहिला. हेमाच्या मागे गजांआड चंद्री उभी होती आणि तिच्या डाव्या खांद्यावर, जेथे असावयास हवे तेथेच, जोडफूल होते. मी साहेबांना तसे सांगितले. मी सांगितले ते खरे होते. त्यांची विनंती त्यांच्याच शब्दांत अशी होती:

"दत्तोबा, तीळ डाव्या गालावर होता की उजव्या, हे मला आता फोटोशिवाय सांगता येत नाही, आणि पद्मजेला विचारण्याचं धाडस होत नाही. मागं तुमची चंद्री आहे. तिच्यावरून बघा आणि हा फोटो सुलटा आहे का, तेवढं मला सांगा."